एकवीस तांबड्या, सात पांढऱ्या

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्या बहुतेकांना मी पोलिसांच्या हातातला, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडणारा श्वासमापक वाटतो. मला दुरुस्तीला कोल्हापूरला नेत होते तेव्हा कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर एका ट्रकवाल्यानं मला पाहिलं आणि घाईघाईनं तोंडात लवंग टाकली. त्याचं चुकलं नाही. आमचं घराणं एकच. मीही एक जुना श्वासमापकच आहे; नळीत फुंकर घातली की मीही आकडा दाखवतो. फक्त मी कुणाची दारू पकडत नाही. बाईच्या शरीरात दर महिन्याला बीज सुटतं की नाही, एवढंच मला कळतं. आणि तेवढ्या एका कळण्याच्या जोरावर एका माणसाला त्याच्या सत्काराच्या खुर्चीवरून खाली ओढताना मी पाहिलं आहे.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेत, एका छोट्या शेडमध्ये झाला. डॉक्टर केतकी या बायकांच्या डॉक्टर आणि त्यांचा शाळेतला मित्र ओमकार, या दोघांनी मला घडवलं. दोन वर्षं ते माझ्यावर झटत होते. कधी मी चुकीचा आकडा दाखवायचो, कधी दमट हवेत गप्प बसायचो. शेवटी माझ्या पोटात नीट बसणारा एक लहानसा डोळा मिळाला. श्वास सोडताना सगळ्यात शेवटी फुप्फुसाच्या तळातली हवा बाहेर येते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे ते हा डोळा मोजतो.

तुम्ही म्हणाल, त्याचा बीजाशी काय संबंध? सांगतो. महिन्याच्या मध्यावर बीज सुटलं की बाईच्या अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. ते मेंदूला सांगतं, जरा जास्त श्वास घे. जास्त श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि माझा आकडा दोन-तीनने खाली येतो. पुढची पाळी येईपर्यंत तो खालीच राहतो. कागदावर रोजचे ठिपके जोडले की मधोमध एक पायरी उतरलेली दिसते. पायरी दिसली की बीज सुटलं. महिनोन्महिने पायरीच दिसली नाही, तर काहीतरी अडलं आहे. मग रक्त तपासून खात्री करून घ्यायची. मी एकटा निकाल देत नाही, आणि मला तसा गर्वही नाही. पण सुई न टोचता, कपडे न उतरवता, नुसत्या फुंकरीवर संशय दाखवून देणारा मी आहे, याचा मात्र अभिमान आहे.

मला हाताळायला केतकीताईंच्या दवाखान्यात एक बाई आली. तिचं नाव पूर्णिमा. जांबोटीच्या भावकूंची मुलगी, वय एकतीस, बारावी शिकलेली. लग्न होऊन ती कोगनोळीजवळच्या एका खेड्यात गेली होती आणि सात वर्षांनी तिला परत पाठवलं होतं. मूल झालं नाही म्हणून. तिच्या सासूनं, मालुबाईनं, तिची पेटी भर दुपारी अंगणात आणून ठेवली होती आणि दारात जमलेल्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "भाकड म्हस बी शेण तरी देती. हिला ठेवून काय करू?" नवरा सौरव खांबाला टेकून मोबाइलमध्ये बघत उभा होता. पुढे बेळगावच्या कोर्टात सह्या झाल्या आणि वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं. हे सगळं पूर्णिमानं केतकीताईंना एकदाच, एका दमात सांगितलं होतं. रडली नाही. त्या वेळी तिला स्वतःलाही वाटत होतं की दोष आपलाच आहे.

केतकीताईंचा नियम होता : जी मला हाताळणार तिनं आधी दोन महिने स्वतः फुंकायचं. म्हणून पूर्णिमा रोज सकाळी आठला यायची, दहा मिनिटं शांत बसायची आणि मग माझ्या नळीत श्वास सोडायची. माझ्या आयुष्यातला पहिला खरा श्वास तिचा. तो भाताच्या पेजेचा आणि लांबच्या प्रवासाचा श्वास होता. जांबोटीहून पहाटेची एसटी चुकली तर तिला दुसरी गाडी मिळेल त्या फाट्यापर्यंत चालावं लागायचं.

दोन महिने झाले. ठिपके जोडले. रेघ सपाट. पायरीचा मागमूस नाही.

केतकीताईंनी कागद पुढ्यात घेतला. "पूर्णिमा, तुझी पाळी तर वेळेवर येते म्हणतेस?"

"घड्याळागत येती, ताई."

"काही औषध चालू आहे?"

"न्हाय. औषध कसलं? पूड तेवढी घेते. आमच्या मामांची."

"कोण मामा?"

"सासूबाईंचे भाऊ. परशराम अण्णा. नाक्याच्या पल्याड त्यांची शेड हाय. मूल न होणाऱ्या बायका लांबनं लांबनं येत्यात. माझी पाळी आधी कवा बी यायची, दोन-दोन महिनं यायचीच न्हाय. त्यांच्या पुडीनं नीट झाली. सासरचं सगळं सुटलं, पर ही पूड सोडली न्हाय. निपाणीच्या एका मैत्रिणीकडनं मागवते."

"घ्यायची कशी ती?"

"एकवीस दिवस तांबडी पुडी. मग सात दिवस पांढरी. पांढरी सुरू झाली की पाळी येती."

केतकीताईंच्या हातातलं पेन थांबलं. "एकवीस आणि सात?" त्यांनी पुन्हा विचारलं. "पूर्णिमा, उद्या त्या पुड्या घेऊन ये. एकही खाऊ नकोस."

तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे लागले. पांढऱ्या पुडीत पिठीसाखर होती. तांबडीत आवळ्याचं चूर्ण, रंगासाठी थोडी लाल काव आणि कुटलेल्या गोळ्या. मूल होऊ नये म्हणून बायका ज्या गोळ्या घेतात, त्याच.

मित्रांनो, हा कावा नीट समजून घ्या. त्या गोळ्यांनी पाळी अगदी ठरल्या दिवशी येते. बाईला वाटतं, गुण येतोय. सासूला वाटतं, अण्णांच्या हाताला यश आहे. आतमध्ये मात्र बीज सुटतच नाही. मूल होत नाही, आणि होत नाही म्हणून बाई पुन्हा त्याच शेडच्या दारात जाते. दोष कुणाचा? बाईच्या नशिबाचा.

केतकीताईंनी हे सांगितलं तेव्हा पूर्णिमा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. "म्हंजे मूल व्हावं म्हणून मी मूल न होण्याचं औषध खात होते?"

"हो."

"सासूबाई समोर उभ्या राहून, दुधातनं द्यायच्या. पेला रिकामा झाल्याबगार जागच्या हलायच्या न्हाईत." ती उठली, बेसिनपाशी गेली आणि चूळ भरली. मग पुन्हा भरली. नळ वाहत होता आणि ती चुळा भरत होती, किती वेळ ते मला मोजता आलं नाही.

पूड बंद झाली. पाळी पुन्हा पुढे-मागे होऊ लागली, तेव्हा रक्त तपासलं. तिच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी थोडी मंद होती. त्यासाठी रोज सकाळी एक छोटी गोळी पुरे होती. चौथ्या महिन्यात एके सकाळी माझा आकडा खाली आला. दुसऱ्या दिवशीही खाली. पाचव्या दिवशी केतकीताईंनी ठिपके जोडले आणि कागद पूर्णिमासमोर धरला. पायरी लख्ख दिसत होती.

"म्हंजे मी वांझ न्हवते."

"कधीच नव्हतीस."

मला वाटलं, आता ही हसेल. किंवा मोकळं रडेल. तिनं कागदाची घडी घातली. "ताई, मला त्यो माणूस पायजे," ती म्हणाली. "जितक्या लोकांदेखत माझी पेटी अंगणात आली, त्याच्या दसपट लोकांदेखत."

आधी सरळ मार्गानं जाऊन पाहिलं. केतकीताईंनी औषध खात्याकडे तक्रार केली. या बाजूचे साहेब म्हणाले, शेड पल्याडच्या हद्दीत आहे. पल्याडचे साहेब म्हणाले, माणूस तुमच्याकडचा राहणारा आहे. एका बाईच्या दोन पुड्या, त्यात ती त्याच्या घरची सोडलेली सून. आकसानं बोलत असेल, असंही कुणी म्हणालं. परशराम अण्णाची शेड तशीच भरत राहिली.

मग पूर्णिमानं केतकीताईंना विचारलं, "एकीचं ऐकत न्हाईत. दहा जणींचं ऐकतील?"

असा मी निपाणीला आलो. विड्या वळणाऱ्या बायकांच्या संघटनेनं त्यांच्या सभागृहामागची एक खोली दिली. पूर्णिमानं तिथंच जवळ राहायला जागा घेतली. आठवड्यातून तीन सकाळी बायका कामावर जाता-जाता यायच्या, टेकायच्या, फुंकायच्या. त्यांच्या लुगड्यांना, केसांना, श्वासाला तंबाखूचा वास असायचा. केतकीताईंच्या अभ्यासाला बायका हव्याच होत्या. प्रत्येकीला सगळं समजावून, तिची सही घेऊनच मोजणी चालायची. पण पूर्णिमा प्रत्येकीला शेवटी एक जास्तीचा प्रश्न विचारायची, अगदी सहज, "पूड खातीस का गं कुठली?" दोन महिन्यांत तिला पूड खाणाऱ्या दहा जणी सापडल्या. दहाही रेघा सपाट. तिनं त्यांना पूड थांबवायला सांगितलं, कारण सांगितलं, आणि शपथ घातली, "आत्ताच कुठं बोलू नगा. त्याला कळलं तर त्यो माल बदलंल."

या काळात मी तिच्यातला एक बदल पाहत होतो. सकाळी ती स्वतः फुंकायची तेव्हा तिचा श्वास पहिल्यासारखा सैल राहिला नव्हता. ती दात आवळून जगत होती. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. मोजण्यापलीकडे कशाचीच चाड नसलेला मी, तिच्या बाजूचा झालो होतो.

आणि मग, दोनेक महिन्यांनी, अकरावी आली.

बावीस-तेवीसची मुलगी. गोरीशी, हसरी, हातात हिरवा चुडा. पूर्णिमानं वही उघडून नाव विचारलं. "प्रणाली," ती म्हणाली. गाव सांगितलं. नवऱ्याचं नाव सौरव.

पूर्णिमाचं बोट माझ्या चुकीच्या बटणावर पडलं. मी बंद झालो. तिनं मला पुन्हा सुरू केलं.

प्रणालीनं तिला ओळखलं नाही. सासरच्या घरात पहिलीचा फोटोसुद्धा ठेवलेला नव्हता. ती भाबडेपणानं बोलत राहिली. "आक्का, दोन वर्षं झाली लग्नाला. सासूबाई लई काळजी करत्यात. म्हणत्यात, पैली वांझ होती, आता तू बी तशीच निघालीस तर आमच्या घराला तोंड दाखवायला जागा न्हाय. मामांची पूड चालू हाय. पर मैत्रीण म्हणाली, हितं नुसतं फुंकून कळतंय, म्हणून आलते."

पूर्णिमानं आकडा लिहिला. पूड थांबव असं तिनं दहा जणींना सांगितलं होतं. अकरावीला सांगितलं नाही.

ती गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच होतो. पूर्णिमा दाराकडे बघत हळूच म्हणाली, "भोगू दे. कळू दे त्या घराला, दुसरी आणली तरी काय व्हतंय ते."

मित्रांनो, मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. चार आठवडे ती गप्प राहिली. प्रणाली यायची, फुंकायची, "उतरला का आक्का आकडा?" विचारायची, आणि पूर्णिमा "अजून न्हाय" म्हणायची. ज्या अंगणात तिची पेटी ठेवली गेली, त्या अंगणात पाळणा हलू नये, ही तिची इच्छा तिच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसत होती. केतकीताईंना तिनं यातलं काहीच कळू दिलं नाही. मी तेव्हा तिला दोष दिला नाही. आज देतो. मोजून कळलेली गोष्ट दाबून ठेवणं हे त्या पुडीवाल्याच्या कामापेक्षा फार वेगळं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात, एका मंगळवारी, प्रणाली पायऱ्या चढून आली तीच धापा टाकत. डावा पाय ओढत होती. "मुरगळला असंल," म्हणाली आणि नळी तोंडाला लावली. माझा आकडा एरवी अडतीसच्या आसपास असायचा. त्या दिवशी तो सव्वीसवर आला.

प्रणालीनं पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "आक्का! उतरला! आकडा उतरला गं!" तिनं पूर्णिमाचे दोन्ही हात धरले. "आता घरी सांगू? सासूबाईंना सांगू?"

पायरी दोन-तीनची असते. बारा नसते. पूर्णिमाला ते एका नजरेत कळलं. तिनं प्रणालीच्या पायावरची साडी वर सारली. पोटरी सुजून तुकतुकीत झाली होती. मुलीचे ओठ निळसर पडत होते आणि ती अजूनही हसत होती.

त्या क्षणी पूर्णिमाच्या मनात काय आलं हे मला ठाऊक नाही. मी एवढंच पाहिलं की तिनं फोन उचलून केतकीताईंना लक्षणं सांगितली, तिकडून जे सांगितलं ते ऐकलं, आणि बाहेर जाऊन मिळेल ती गाडी अडवली. प्रणालीला तिनं कंबरेत धरून, जवळजवळ उचलूनच नेलं. कोल्हापूर जवळ, म्हणून कोल्हापूर. वाटेत नाका लागला, परशराम अण्णाची शेड लागली, शेडबाहेर बायकांची रांग होती. प्रणालीनं गाडीतून हात जोडले. "मामांची शेड," ती म्हणाली. पूर्णिमानं तिचे जोडलेले हात सोडवले आणि आपल्या मुठीत धरून ठेवले. हे आणि दवाखान्यातलं पुढचं सगळं मला पूर्णिमानंच नंतर सांगितलं. मी तेव्हा निपाणीच्या टेबलावर सुरूच राहून गेलो होतो.

पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. संप्रेरकांच्या गोळ्यांनी क्वचित कुणाला असं होतं; म्हणूनच त्या डॉक्टरला विचारून, तपासून घ्यायच्या असतात. प्रणाली वेळेत पोचली. नऊ दिवस दवाखान्यात राहिली आणि वाचली.

तिथंच मालुबाई आली. व्हरांड्यात पूर्णिमाला बघून तिचं तोंड वाकडं झालं. "तू हितं कशाला मरायला आलीस?"

तेवढ्यात दवाखान्यातले डॉक्टर बाहेर आले. "पेशंटला कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

"गोळी एक बी न्हाय, साहेब. पूड हाय. माझ्या भावाची. देवमाणूस हाय त्यो."

"डॉक्टर केतकींनी फोनवर सांगितलं तीच ही. त्या पुडीनंच ही मुलगी मेली असती," डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले.

पूर्णिमा मालुबाईसमोर उभी राहिली. "आत्याबाई, सात वर्षं मला तेच पाजलंसा. मूल न होण्याचं औषध. कागद हाय माझ्याजवळ."

"खोटं! परशा माझ्या संगं असं करायचा न्हाय."

"मग त्यालाच इचारा. येत्या रविवारी हाय की त्याचा साठीचा सत्कार. मी बी येणार हाय."

त्याच संध्याकाळी पूर्णिमा प्रणालीच्या खाटेशी बसली आणि तिला सगळं सांगितलं. आपण कोण ते, आणि चार आठवडे आपण गप्प होतो तेसुद्धा. प्रणाली म्हणाली, "मला तुमचा राग आलाय, आक्का. लई आलाय. पर आधी त्याचं बघा. माझ्या कपाटात ह्या महिन्याच्या पुड्या हायत. घेऊन जावा." केतकीताईंनाही पूर्णिमानं ते कबूल केलं. त्या तिच्यावर रागावल्या आणि दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पण प्रणालीच्या पुड्या त्यांनी तातडीनं तपासून आणल्या. निकाल तोच.

परशराम अण्णाला साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून निपाणीच्या एका मंगल कार्यालयात मोठा समारंभ होता. स्टेजवर मखमली खुर्ची, गळ्यात हार, कपाळाला गंध. पाच-सहाशे माणूस. निम्म्याहून जास्त बायका, ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या पुड्या खाल्ल्या होत्या आणि तरी त्याच्या पाया पडायला आल्या होत्या. पूर्णिमानं मला पिशवीत घालून नेलं होतं. तिच्यामागे विड्यावाल्या दहाजणी. केतकीताई आणि दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांतला एकेक माणूस मागच्या रांगेत बसले होते. प्रणालीच्या दवाखान्याचा कागद गेल्यावर त्यांना हद्द आठवेनाशी झाली होती.

"अण्णांच्या उपचारानं गुण आलेल्या भगिनींनी दोन शब्द बोलावेत," सूत्रसंचालक म्हणाला. पूर्णिमा उठली आणि स्टेजवर गेली. परशराम अण्णानं तिला ओळखलं. हाराखाली त्याची मान ताठ झाली.

"मला गुण आलाय," ती माइकवर म्हणाली. "सात वर्षं पाळी घड्याळागत आली. मूल तेवढं न्हाय आलं. ह्या दहाजणींचं बी तसंच." एकेक बाई उठून उभी राहिली. पूर्णिमानं दोन कागद वर धरले. "ही पूड खात असतानाची रेघ. ही पूड सोडल्यावरची. सहाजणींचं बीज तीन महिन्यांत सुटाया लागलंय. एकीला दिवस गेल्यात." ती बाई, शेवंता तिचं नाव, सगळ्यांसमोर पदर सावरून उभी होती. "पुडीत काय हाय ठावं हाय? पाळणा लांबवायच्या गोळ्या."

सभागृहात गलका उठला. परशराम अण्णा हसला. हसताना तो सराईत होता. "घरातनं हाकललेली बाई हाय. जळती ती. माझं औषध म्हंजे आवळा आणि गुळवेल. बाळसुद्धा खाईल."

"मग तुमी खावा," पूर्णिमा म्हणाली. तिनं पिशवीतून पेला आणि एक तांबडी पुडी काढली, पेल्यात पाणी ओतलं. "एकवीस न्हाय. एकच. सगळ्यांदेखत."

एका पुडीनं त्याला काहीही झालं नसतं, मित्रांनो. एक गोळी पुरुषाचं काय बिघडवणार? पण आत बायकांच्या गोळ्या आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि सगळ्यांदेखत त्या गिळायला त्याचं मन धजेना. "असल्या बाईच्या हातनं मी काय बी घेत न्हाय," तो म्हणाला.

तेव्हा पहिल्या रांगेतून मालुबाई उठली. हळूहळू पायऱ्या चढली. तिनं पूर्णिमाच्या हातातून पुडी घेतली, पेल्यात सोडली, बोटानं ढवळली, अगदी तशीच जशी ती सात वर्षं ढवळत होती, आणि पेला भावापुढे धरला.

"तिच्या हातनं नगो तर माझ्या हातनं घे. खा की रं, परशा."

त्यानं गळ्यातला हार सारखा केला.

"मी दोन सुनांना पाजलंय. पेला संपस्तवर उभी ऱ्हायलीया. आता तुझ्याम्होरं उभी हाय. खा."

त्यानं हातानं पेला उडवला. तांबडं पाणी त्याच्या पांढऱ्या धोतरावर पसरलं. पाच-सहाशे माणूस ते बघत होतं आणि कुणाला कुठलाच कागद दाखवायची गरज उरली नव्हती. पहिली चप्पल तिसऱ्या रांगेतून आली. मागच्या रांगेतले दोघे धावत स्टेजवर चढले नसते तर बायकांनी त्याला जिवंत सोडला नसता. पूर्णिमानं मला छातीशी धरलं होतं. ती एका बाजूला उभी राहून शेवटपर्यंत बघत होती, तोंड न फिरवता, आणि खूप महिन्यांनी तिचा श्वास सैल झाल्याचं मला जाणवलं.

परशराम अण्णावर दोन्ही बाजूंनी गुन्हे दाखल झाले. शेडला सील लागलं. तो आज तुरुंगात आहे आणि खटला चालू आहे. प्रणाली बरी होऊन माहेरी गेली आणि परत गेली नाही. सौरव एकदा पूर्णिमाकडे येऊन म्हणाला, "झालं गेलं इसरून जाऊ." तिनं त्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवला.

मालुबाई मात्र वेगळ्या वाटेनं आली. एका सकाळी खोलीच्या दारात उभी राहिली. "पोरी, तुझा गुन्हा केलाय मी. काय शिक्षा देशील ती दे."

पूर्णिमानं ती लगेच दिली. बहुधा आधीपासून ठरवूनच ठेवली होती. "गावोगावच्या ज्या ज्या बायकांना तुमी भावाच्या शेडवर नेलंसा, त्या सगळ्यांना हाताला धरून हितं आणायचं. आणि दारात उभं राहून, रांगेला ऐकू जाईल असं प्रत्येकीला सांगायचं : मी तुला वांझ म्हणाले, मी खोटी हाय."

मालुबाईनं एकोणीस जणी आणल्या. कुणाच्या घरी शिव्या खाल्ल्या, कुणी दारातूनच हाकललं तर पुन्हा गेली. एकोणीस वेळा ती दारात उभी राहून ते वाक्य बोलली आणि एकोणीस वेळा पूर्णिमानं हातातलं काम थांबवून ते ऐकलं. एकोणिसाव्या बाईनं फुंकर घातली, आकडा लिहून झाला, तेव्हा मालुबाई उंबऱ्यावर टेकली. दमली होती.

"झाल्या सगळ्या," ती म्हणाली. "आता तरी माफ केलंस?"

पूर्णिमानं तिला पाणी दिलं. पंखा तिच्याकडे वळवला. मालुबाईनं तांब्या रिकामा करेपर्यंत ती थांबली.

"न्हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "पुढच्या बाईला आत पाठवा."

मित्रांनो, आता माझा डोळा मंदावला आहे. दर महिन्याला मला नव्यानं जुळवावं लागतं आणि नवं, हलकं यंत्र येणार असल्याचं माझ्या कानावर आलं आहे. मला कपाटात ठेवलं तरी चालेल. फक्त माझी नळी पुसून, कोरडी करून ठेवा. तुमच्या घरात कुणा वहिनीला, मावशीला, बहिणीला कुणी बिननावाची पूड दिली, तर ती कुठून आली आणि तिच्यात काय आहे ते विचारा. विचारताना घाबरू नका. आणि तपासल्याशिवाय कुणा बाईला नावं ठेवू नका. ती विसरेल असं समजू नका. मी रोज तिचा श्वास मोजला आहे. ती विसरत नाही.